खेळतो दुसराच, बघतो आमचा मुलगा!

मुलं मोबाइलवर खेळत बसतात ही तक्रार आता जुनी झाली. आमच्या घरची तऱ्हा निराळी! सातवीतला आमचा मुलगा स्वतः खेळतच नव्हता. दूर कुठे कुणी तरुण व्हिडिओ गेम खेळतोय आणि हा सावलीत बसून तासन् तास त्याचं थेट प्रक्षेपण बघतोय! "अरे, जेवायचं त्याने आणि ढेकर तू द्यायचा का?" मी वैतागून म्हणायची.

एके दिवशी म्हणाला, "आई, चाळीस रुपये दे ना. पाठवले की तो माझं नाव घेतो." मी रागावले खरी, पण रात्री झोप येईना. घरी आपण त्याचं नाव कधी घेतो? ऊठ, आटप, अभ्यासाला बस, एवढ्यापुरतंच!

दुसऱ्या दिवशी तांदूळ निवडायचं ताट घेऊन त्याच्याजवळच बसले.

बघता बघता वाटलं, नुसतं बघण्यात वावगं ते काय? दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टीत नाटकं सुरू झाली की आपण शाली गुंडाळून रात्र रात्र बसतोच की! आणि खेळताखेळता लोकांना हसवत ठेवणं हेही कसबच. एप्रिल २०२४ मध्ये पंतप्रधान काही नामांकित गेमर्सना भेटले. त्यांत मुंबईचे नमन माथूर, मिथिलेश पाटणकर होते, तशी छिंदवाड्याकडची पायल धारेही होती.

मला खटकली ती खेळाची रचना. 'बॅटलग्राउंड्स' मध्ये शंभर खेळाडू छत्रीने उतरतात, सुरक्षित वर्तुळ लहान लहान होत जातं, शेवटी उरेल तो जिंकतो. अर्ध्या तासाचा डाव. पण हरला की लगेच दुसरा! शिवाय रोज हजेरी लावली की बक्षीस. उठावंसं वाटावं कधी? २०२१ मध्ये हा खेळ भारतात आला तेव्हा अठरा वर्षांखालच्यांना दिवसाला तीनच तासांची मर्यादा कंपनीनेच घातली. मग आईने त्याहून कमी वेळ ठरवून दिला तर संकोच कशाला?

याउलट पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' (२०२०). राक्षसांनी पळवलेल्या धाकट्या भावाला, गोलूला, शोधत निघालेली ही मुलगी. मधली गोष्ट छायाबाहुल्यांतून उलगडते. आमच्याकडे संगणक नाही, म्हणून दुसऱ्याने खेळलेला तो दोघांनी मिळून बघितला. काही तासांत गोष्ट पुरी झाली. "संपलं, आई," म्हणत मुलाने आपणहून फोन ठेवला. खेळ असा हवा, माणसाला उठू देणारा!

शाळेत अर्धवेळ शिकवते, म्हणून पालक मला विचारतात. त्यांना एवढंच सांगते: आधी एकदा शेजारी बसून बघा. मग वेळ ठरवा, पण डाव अर्धा असताना हाक मारू नका. तव्यावर पोळी टाकलेली असताना कुणी बोलावलं तर आपण उठतो का? आणि पैशांचा व्यवहार मुलाच्या हाती देऊ नका.

ते चाळीस रुपये मी दिले नाहीत. मात्र आता रात्री पानं वाढली की नाव घेऊन त्याला विचारते, "हं, आज कोण जिंकलं?" तो हातवारे करून सांगतो, त्याचे बाबाही ऐकतात. भात गार होतो कधीकधी, होऊ दे!