स्प्रिंगची हवाई बंदूक व तिचा नेम

धाराशिव जिल्ह्यांतील यात्रांतून, मग ती येरमाळ्याच्या येडेश्वरीची असो वा तुळजापूरच्या नवरात्राची, पाळण्यांशेजारीं फुगे फोडण्याची बंदूक पुष्कळांनीं पाहिली असेल. दहा-बारा हातांवरील फुगा चुकला म्हणजे कोणी आपल्या नेमास दोष देतो, तर कोणी बंदुकीची नळीच वांकडी ठरवितो. हीं दोन्ही उत्तरें अपुरीं आहेत. बंदूक सुटतांना तिच्या पोटांत काय घडतें हें ज्यास कळलें, त्यास ती नीट धरतांही येते आणि सुधारतांही येते. तेंच येथें थोडक्यांत सांगण्याचा आमचा हेतु आहे.

हा विषय केवळ करमणुकीचा नाहीं. 2022 सालीं ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटील यांनीं कैरो येथें 10 मीटर एअर रायफलचें जागतिक विजेतेपद पटकावलें. 1 ऑगस्ट 2024 रोजीं कोल्हापूर जिल्ह्यांतील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनीं पॅरिसच्या ऑलिंपिकमध्यें 50 मीटर रायफलचें कांस्यपदक मिळविलें. अशीं वृत्तें वाचून खेड्यांतील मुलांसही हुरूप येतो. परंतु स्पर्धेच्या बंदुकीची किंमत लाखांच्या घरांत असते. सामान्य मुलाच्या हातीं प्रथम येते ती स्प्रिंगचीच बंदूक. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनीं 1926 सालीं स्थापिलेल्या इंडियन ह्यूम पाइप कंपनीनेंही अशा बंदुका बनविल्या आहेत. ही साधी बंदूक तिची ताकद वाढविण्याच्या भरांत बिघडते आणि तिजबरोबर मुलाचा उत्साहही मावळतो. म्हणून प्रथमच सांगून ठेवतों कीं, नेम ताकदीनें साधत नाहीं. तो एकसारखेपणानें साधतो.

या बंदुकीची रचना अशी असते. नळी खालीं वाकविली म्हणजे आंतील दट्ट्या मागें सरतो व त्याच्या पाठीशीं असलेली पोलादी स्प्रिंग दाबली जाते. एक खटका दट्ट्यास अडवून धरतो. चाप ओढतांच खटका सुटतो, दट्ट्या वेगानें पुढें धांवतो, आणि त्याच्यापुढील हवा दाबली जाऊन बारीक छिद्रावाटे नळींत शिरते व छर्र्यास ढकलते. सायकलच्या पंपाचें तोंड बोटानें बंद करून दांडा लोटला असतां हवा जशी दाबली जाते, तसाच हा प्रकार. मात्र येथें सर्व कार्य सुमारें एक शतांश सेकंदांत उरकतें.

आतां दट्ट्या पुढें धांवला म्हणजे बंदूक मागें सरते, आणि दाबलेल्या हवेवर आदळून तो थबकला म्हणजे ती पुढें उसळते. या हालचालीस छर्रा नळींत असतांनाच आरंभ होतो. खांद्यापासून नळीचें तोंड सुमारें 1 मीटर दूर आहे असें धरलें, तर तें तोंड 1 मिलिमीटर बाजूस सरकतांच 10 मीटरवरील लक्ष्यावर छर्रा 1 सेंटिमीटर ढळतो. स्पर्धेच्या लक्ष्यावरील दहा गुणांचा ठिपका तर अवघा अर्ध्या मिलिमीटरचा असतो! म्हणजे बंदूक हलणारच हें गृहीत धरून, ती प्रत्येक वेळीं तशीच हलेल अशी तजवीज करणें हाच खरा उपाय होय.

यासाठीं पहिला उपाय धरण्याचा. आमच्या जिल्ह्यांत परांडा येथें जो भुईकोट किल्ला आहे, तेथील तोफा अनेकांनीं पाहिल्या असतील. विजापूरची प्रसिद्ध मलिक-ए-मैदान तोफ 1549 सालीं अहमदनगर येथें ओतली गेली व कांहीं काळ याच परांड्यास होती. चाकांच्या गाड्यावरील तोफ उडाली म्हणजे मागें सरते. तिला कोणी आवळून धरीत नाहीं. स्प्रिंगच्या बंदुकीसही असेंच मोकळें सोडावें. डाव्या हाताच्या उघड्या तळव्यावर ती नुसती टेकवावी, उजव्या हाताची मूठ सैल असावी, आणि दस्ता खांद्यास हलकेच लावावा. तळवा दर वेळीं त्याच जागीं असावा. इंग्रजींत या पद्धतीस तोफेवरूनच नांव पडलें आहे. आवळून धरलेली बंदूक प्रत्येक खेपेस निराळ्या जोरानें आवळली जाते, आणि म्हणूनच छर्रे विखुरतात.

दुसरा उपाय दुरुस्तीचा. प्रथम दस्त्याचे स्क्रू तपासावे. धक्क्यांनीं ते सैल होतात, आणि नेम बिघडण्याचें हें अगदीं साधें कारण असतें. नंतर नळी व हवेची कोठी जेथें मिळतात तेथें कापसाचा धागा ठेवून छर्रा सोडून पाहावा. धागा उडाला तर तेथील वायसर झिजला आहे असें समजावें. नळीच्या तोंडाची कड एका बाजूस दबलेली असल्यास बाहेर पडणाऱ्या छर्र्यास हवा एकीकडूनच ढकलते व तो वाट सोडतो. छर्रेही सारखे घ्यावे. ज्यांचा मागील घेर चेपला आहे ते बाजूस काढावे. बंदूक सुटतांना झणझण असा आवाज येत असल्यास स्प्रिंग आपल्या आधारावर ढिली आहे. कुशल कारागीर आधार नीट बसवितो आणि स्प्रिंगला मॉलिब्डेनमयुक्त वंगण बेतानें लावतो. दट्ट्यापुढें मात्र तेल कदापि सोडूं नये. दाबलेल्या हवेच्या उष्णतेनें तें पेटतें व प्रत्येक छर्र्याचा वेग निराळा होतो. स्प्रिंग बसविलेली असतांनाही ती दाबाखालीं असते; योग्य शिकंजावांचून कोठी उघडल्यास ती उसळून गंभीर इजा करते. सबब हें काम मुलांनीं करूं नये.

तिसरा उपाय दस्त्याचा. तयार दस्ता प्रौढ माणसाच्या मापाचा असतो व मुलास तो लांब पडतो. दस्त्याची मागील बाजू कोपराच्या खोबणींत टेकवावी. बोटाचें पेर सहज चापावर आलें तर लांबी योग्य समजावी. गाल दस्त्यावर टेकतांच डोळा मान न ताणतां माशीच्या रेषेंत आला, तर उंची योग्य. नवा दस्ता करावयाचा तर अक्रोड किंवा शिसव उत्तम. लांकूड पुरतें वाळलेलें असावें, कारण ओलें लांकूड वाळतांना पिळतें व बंदुकीस आपल्याबरोबर ओढतें. मुठीच्या अरुंद भागांत लांकडाच्या रेषा लांबीस समांतर असाव्या, नाहींतर तेथेंच तो मोडतो. लोखंड ज्या खाचेंत बसतें ती सुताराकडून अशी कोरून घ्यावी कीं तें कोठेंही डुगडुगणार नाहीं. दस्ता किंचित् जड असल्यास धक्का कमी जाणवतो, परंतु मुलाच्या हातास पेलेल इतकाच भार ठेवावा.

ताकद वाढविण्याचा मोह कां टाळावा, याचें आणखी एक कारण आहे. 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणें 20 ज्यूलहून अधिक शक्तीची किंवा 0.177 इंचाहून, म्हणजे सुमारें 4.5 मिलिमीटरहून, मोठ्या व्यासाची हवाई बंदूक परवान्यावांचून बाळगतां येत नाहीं. उलट, अर्ध्या ग्रॅमाहून किंचित् जड छर्रा सेकंदास 175 मीटर वेगानें सुटला तर त्याची शक्ती अवघी 8 ज्यूल भरते. आणि 10 मीटरवरील कागदास एवढी पुरून उरते. तथापि एवढ्यानेंही डोळा जाऊं शकतो. म्हणून वडील माणूस जवळ असावें, लक्ष्यामागें मातीचा जाड बांध असावा, आणि पक्ष्यांकडे नळी कधींही वळवूं नये. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें बहुतेक रानपक्ष्यांस संरक्षण दिलें आहे. येडशीच्या रामलिंग अभयारण्याच्या या जिल्ह्यांत तरी हें सांगावें लागूं नये.

मोठ्या कारखानदारांनींही हाच एकसारखेपणाचा मार्ग धरला. जर्मनींतील फाइनवेर्कबाऊ कारखान्यानें 1960 च्या दशकांत नळी व कोठी दस्त्यांतील रुळांवर मागें सरकेल अशी योजना करून धक्का नेमबाजाच्या खांद्यापर्यंत पोहोंचूं दिला नाहीं. 1984 सालीं 10 मीटर एअर रायफलचा ऑलिंपिकमध्यें समावेश झाला. पुढें आधींच दाबून साठविलेल्या हवेच्या बंदुका आल्या. त्यांत अवजड दट्ट्या व स्प्रिंगच नसल्यामुळें तो दुहेरी धक्का उरला नाहीं. परंतु धक्का सोसूनही सारखा नेम धरण्यास जो स्प्रिंगच्या बंदुकीवर शिकला, त्यास पुढील बंदूक सोपी वाटते.

शेवटीं परीक्षेची रीत सांगून हा लेख आटोपतों. 10 मीटरवर कागद लावून, माशीस हात न लावतां, पांच छर्रे सोडावे. पांचही जवळजवळ पडून मध्यापासून दूर असतील, तर बंदूक व हात दोन्ही चांगले आहेत; केवळ माशी सरकवावी. ते विखुरले असतील, तर वरील कारणें क्रमानें तपासावीं. मात्र एका वेळीं एकच बदल करावा व पुन्हां पांच छर्रे सोडून कागदावर तारीख घालून तो जपून ठेवावा. दोन बदल एकदम केले, तर गुण कशानें आला हें कधींच कळत नाहीं. असे वीस-पंचवीस कागद जमले म्हणजे आपली बंदूक काय मागते तें कोणास विचारावें लागणार नाहीं.