विश्लेषण : मॉस्कोभोवतीचे अणुकवच कसे उभे राहिले? ते शहराला खरेच वाचवू शकते का?

शत्रूचे अण्वस्त्र आपल्या राजधानीवर येत असेल तर ते पाडायचे कसे? रशियाने या प्रश्नाचे उत्तर शोधायला सुरुवात केली त्याला आता सात दशके झाली. आजही मॉस्कोच्या आसपास जमिनीखाली सज्ज असलेली खास क्षेपणास्त्रे हे त्या शोधाचे फलित. विशेष म्हणजे हल्ला रोखण्यासाठी ही क्षेपणास्त्रे स्वतःच अण्वस्त्रे वाहून नेतात. हे कवच कसे तयार झाले, ते कसे चालते आणि त्याच्या मर्यादा कोणत्या, याचा हा आढावा.

सुरुवात कुठून झाली?

दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत नेतृत्वाला सर्वाधिक भीती होती ती अमेरिकेच्या बॉम्बफेकी विमानांची. म्हणून १९५० मध्ये स्टालिनने मॉस्कोसाठी विमानविरोधी क्षेपणास्त्र यंत्रणा उभारण्याचे आदेश दिले. ‘एस-२५’ नावाची ही यंत्रणा १९५५ मध्ये सेवेत आली. शहराभोवती दोन वर्तुळांत ५६ क्षेपणास्त्र तळ होते. या तळांना जोडण्यासाठी बांधलेले काँक्रीटचे दोन वर्तुळाकार रस्ते मॉस्कोकर आजही वापरतात.

पण बॅलिस्टिक क्षेपणास्त्रांपुढे ही यंत्रणा निरुपयोगी होती. १९५३ मध्येच सात सोव्हिएत मार्शलांनी पक्षाच्या केंद्रीय समितीला पत्र लिहून क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणेची मागणी केली होती. ही जबाबदारी पुढे ग्रिगोरी किसुन्को या रडारतज्ज्ञाकडे आली. कझाकस्तानात बाल्खाश सरोवराजवळ सारी शगान येथे चाचणी तळ उभारण्यात आला.

पहिले यश कधी मिळाले?

४ मार्च १९६१ रोजी. कापुस्तिन यार येथून सोडलेल्या आर-१२ क्षेपणास्त्राचे वॉरहेड सारी शगानवर येत असताना ‘व्ही-१०००’ या क्षेपणास्त्राने ते सुमारे २५ किमी उंचीवर उद्ध्वस्त केले. यात अण्वस्त्र नव्हते. हजारो छोट्या कठीण गोळ्या लक्ष्याच्या वाटेत फेकण्यात आल्या होत्या. तीन रडार एकाच वेळी लक्ष्याचे अंतर मोजत होते आणि सर्गेई लेबेदेव यांच्या गटाने बनवलेला संगणक त्यावरून मार्गाचे गणित करत होता. अण्वस्त्राविना अशी कामगिरी करायला अमेरिकेला १९८४ साल उजाडावे लागले.

मग पुढे अण्वस्त्रे का वापरावी लागली?

चाचणीत एकच लक्ष्य होते आणि ते कुठून येणार हेही ठाऊक होते. प्रत्यक्ष हल्ल्यात तसे नसते. आंतरखंडीय क्षेपणास्त्राचे वॉरहेड सेकंदाला सुमारे सात किमी वेगाने येते. म्हणजे मुंबई-पुणे हे रस्त्याने साधारण १५० किमीचे अंतर ते वीस-बावीस सेकंदांत कापेल. त्यात वॉरहेडसोबत हलके फुगे आणि बनावट लक्ष्येही सोडली जातात. अवकाशात हवा नसल्याने फुगा आणि खरे वॉरहेड एकाच वेगाने जातात. रडारला फरक कळणे अवघड असते.

यावर तेव्हाचा उपाय म्हणजे अचूकतेची कसर स्फोटाच्या ताकदीने भरून काढणे. त्यामुळे मॉस्कोसाठीच्या ‘ए-३५’ या पहिल्या यंत्रणेतील क्षेपणास्त्रांवर अण्वस्त्रे बसवण्यात आली. चार तळांवर अशी ६४ क्षेपणास्त्रे होती.

१९७२ च्या कराराने काय बदलले?

प्रत्येक बाजूने ढाल वाढवली की दुसरी बाजू भाले वाढवणार, हे दोन्ही महासत्तांच्या लक्षात आले. २६ मे १९७२ रोजी अमेरिका आणि सोव्हिएत संघाने क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणांवर मर्यादा घालणारा करार केला. प्रत्येकाला दोनच ठिकाणी, प्रत्येकी १०० क्षेपणास्त्रे ठेवण्याची मुभा होती. १९७४ मध्ये ती एकाच ठिकाणावर आली. सोव्हिएत संघाने राजधानी निवडली. अमेरिकेने वॉशिंग्टनऐवजी नॉर्थ डाकोटातील क्षेपणास्त्र तळ निवडला आणि तेथील यंत्रणाही १९७६ मध्ये बंद केली.

भाले मात्र वाढलेच. एकाच क्षेपणास्त्रावर अनेक वॉरहेड बसवण्याचे तंत्र अमेरिकेने १९७० पासून तैनात केले. ब्रिटनकडे पाणबुड्यांवरील मोजकीच क्षेपणास्त्रे होती. मॉस्कोचे कवच भेदण्यासाठी त्याने ‘शेव्हलीन’ हा खर्चीक प्रकल्प राबवला. ही सुधारित क्षेपणास्त्रे १९८२ मध्ये सेवेत आली.

आजची ‘ए-१३५’ यंत्रणा कशी चालते?

१९९५ मध्ये सेवेत आलेल्या या यंत्रणेचा मेंदू म्हणजे मॉस्कोच्या ईशान्येला सोफ्रिनो येथील ‘डॉन-२एन’ रडार. माथा कापलेल्या पिरॅमिडसारख्या या इमारतीच्या चारही बाजूंना प्रचंड गोल अँटेना आहेत. त्यामुळे ते एकाच वेळी चारही दिशांना पाहू शकते. १९९४ मध्ये अमेरिकेच्या ‘डिस्कव्हरी’ यानातून सोडलेल्या, अवघ्या पाच सेंमी व्यासाच्या गोळ्यांचाही या रडारने माग काढल्याचे रशियाचे म्हणणे आहे.

मूळ रचनेत दोन थर होते. वातावरणाबाहेर मारा करणारी ३२ क्षेपणास्त्रे आणि वातावरणात मारा करणारी ६८ क्षेपणास्त्रे. बेरीज बरोबर १००, म्हणजे कराराच्या मर्यादेइतकी. लांब पल्ल्याचा थर नंतर निवृत्त झाला. उरलेली ‘५३टी६’ क्षेपणास्त्रे भूमिगत सायलोतून निघून काही सेकंदांत सेकंदाला सुमारे पाच किमीचा वेग गाठतात.

ती इतका वेळ का थांबतात? कारण वातावरणात शिरताच हलके फुगे हवेच्या विरोधाने मागे पडतात आणि जड वॉरहेड पुढे निघते. खरे-खोटे तिथे कळते. पण तोवर हाती काही सेकंदच उरलेले असतात आणि स्फोट राजधानी परिसराच्याच आकाशात होणार असतो. माणसाने विचार करून बटण दाबण्याइतका वेळ तिथे नसतो. शेवटच्या टप्प्यातील गणित संगणकच करतो.

हे कवच अभेद्य आहे का?

नाही. ६८ क्षेपणास्त्रे मोजक्या वॉरहेडच्या हल्ल्यासाठी आहेत. शेकडो वॉरहेड एकाच वेळी आली तर ती पुरणार नाहीत. चुकून सुटलेले किंवा एखाद-दुसरे क्षेपणास्त्र अडवणे आणि नेतृत्वाला निर्णयासाठी थोडा वेळ मिळवून देणे, एवढाच त्यांचा व्यवहार्य उपयोग मानला जातो.

२००२ मध्ये अमेरिका करारातून बाहेर पडली. त्यानंतर रशियाने यंत्रणेच्या आधुनिकीकरणाला वेग दिला. त्याच्याशी जोडल्या जाणाऱ्या ‘नुडोल’ क्षेपणास्त्राने १५ नोव्हेंबर २०२१ रोजी रशियाचाच ‘कॉसमॉस-१४०८’ हा निकामी उपग्रह फोडला. अमेरिकेच्या म्हणण्यानुसार त्यातून माग काढता येण्याजोगे दीड हजारांहून अधिक तुकडे झाले. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकातील अंतराळवीरांना, त्यात रशियाचेही होते, आपापल्या यानांत आसरा घ्यावा लागला.

दुसरीकडे, मे २०२३ मध्ये क्रेमलिनवर आणि त्याच उन्हाळ्यात मॉस्कोच्या उंच इमारतींवर धडकले ते साधे ड्रोन. आंतरखंडीय क्षेपणास्त्रासाठी बनवलेली ढाल त्यांच्यापुढे उपयोगाची नव्हती. त्यासाठी रशियाला मॉस्कोतील इमारतींच्या छतांवर ‘पँटसिर’ ही जवळच्या पल्ल्याची यंत्रणा चढवावी लागली.

दिल्लीसाठी यातून काय?

भारताने रशियाकडून घेतलेल्या ‘एस-४००’ची आणि मॉस्कोच्या या कवचाची अनेकदा गल्लत होते. ‘एस-४००’चे मुख्य काम विमाने, क्रूझ क्षेपणास्त्रे आणि कमी पल्ल्याची बॅलिस्टिक क्षेपणास्त्रे रोखण्याचे आहे. बॅलिस्टिक क्षेपणास्त्रांविरोधात ‘डीआरडीओ’चा स्वतंत्र कार्यक्रम आहे. त्याची पहिली यशस्वी चाचणी नोव्हेंबर २००६ मध्ये सुमारे ५० किमी उंचीवर झाली. नव्या ‘एडी-१’ची चाचणी नोव्हेंबर २०२२ मध्ये झाली. भारताच्या या क्षेपणास्त्रांवर अण्वस्त्रे नाहीत. १५ ऑगस्ट २०२५ रोजी पंतप्रधानांनी ‘सुदर्शन चक्र’ मोहीम जाहीर केली आणि त्यासाठी २०३५ पर्यंतचे उद्दिष्ट ठेवले.

मॉस्कोचा अनुभव पाहता कोणत्याही राजधानीपुढे दोन प्रश्न राहतात. एक, डोक्यावरून येणारे वॉरहेड आणि झाडाच्या उंचीवरून येणारा ड्रोन, दोन्ही रोखणारे थर एकत्र कसे आणायचे? दुसरा, ढाल पाहून शेजारी देशाने भाले वाढवले तर त्याला उत्तर काय? पहिला प्रश्न अभियंत्यांचा आहे. दुसऱ्याचे उत्तर मॉस्को आणि वॉशिंग्टनला ३० वर्षे वाटाघाटींच्या टेबलावर मिळाले होते. तो करार आता उरलेला नाही, आणि भारत, पाकिस्तान, चीन यांच्यात क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणांवर मर्यादा घालणारा असा करार कधी झालेलाच नाही.