हरितगृहातील ढबू मिरची : वेलाला वळण, तोडणीला पाळी

कोल्हापूर जिल्ह्याच्या शेतीचा विचार मनात येताच प्रथम ऊस डोळ्यांसमोर उभा राहतो, आणि ते स्वाभाविकही आहे. तथापि गेल्या दोन-अडीच दशकांत शिरोळ व हातकणंगले तालुक्यांतील शिवारांतून जाताना उसाच्या फडांमध्ये मधूनच पांढऱ्या आच्छादनाची हरितगृहे दिसू लागली आहेत. त्यांत फुलांबरोबरच रंगीत ढोबळी मिरची, म्हणजेच आपल्या भागातील ढबू मिरची, घेतली जाते. २००५-०६ मध्ये सुरू झालेले राष्ट्रीय फलोत्पादन अभियान आणि २०१४-१५ पासूनचे एकात्मिक फलोत्पादन विकास अभियान यांतून अशा उभारणीस अर्थसाहाय्य मिळत आले आहे. परंतु अनुदानाने सांगाडा उभा राहतो, पीक उभे राहत नाही. सांगाडा, आच्छादन व ठिबक संच सारखाच असूनही दोन शेजाऱ्यांच्या उत्पन्नात मोठी तफावत का पडते, या प्रश्नाचे उत्तर बहुतांशी दोन कामांत सापडते : झाडाला वळण देणे आणि फळांची तोडणी टप्प्याटप्प्याने करणे.

परंपरेतील दाखले

ही दोन्ही तत्त्वे आपल्या शेतकऱ्याला सर्वस्वी नवीन नाहीत. शेजारच्या मिरज तालुक्यातील आरग, बेडग, नरवाड या गावांचे पानमळे प्रसिद्ध आहेत. तेथे पानवेल शेवरीच्या आधाराने चढविली जाते, ठरावीक अंतरावर बांधली जाते, पुढे वेलाची उतरण केली जाते आणि पक्व पानांचा खुडा पाळीपाळीने होतो. साखर कारखान्यांचा तोडणी कार्यक्रमही याच विचारावर आधारलेला असतो. आडसाली, पूर्वहंगामी, सुरू आणि खोडवा अशा लागणींच्या नोंदी असल्यामुळे ऊस क्रमाक्रमाने गाळपास येतो. सर्व ऊस एकाच आठवड्यात पक्व झाला तर काय होईल, हे कोल्हापूरकरांना सांगण्याची गरज नाही. हरितगृहात हाच हिशोब एकेका झाडाच्या पातळीवर मांडावयाचा असतो.

वळण देण्याची रीत

ढबू मिरचीचे रोप पाचव्या-सहाव्या पेराशी आपोआप दोन फांद्यांत विभागते. या दोन फांद्यांना पुढे पुन्हा फाटे फुटून चार फांद्या होतात. बंगळूर येथील भारतीय बागायती संशोधन संस्थेने अशा चार फांद्या राखण्याची शिफारस केलेली आहे. काही शेतकरी दोनच फांद्या राखतात. पहिल्या फाट्यात येणारे फूल काढून टाकावे, कारण रोप लहान असतानाच फळ धरले तर त्याची वाढ खुंटते.

झाडांच्या ओळींवर सुमारे अडीच ते तीन मीटर उंचीवर तारा ताणलेल्या असतात. प्रत्येक फांदीसाठी तारेपासून एक दोरी खाली सोडावी आणि वाढीबरोबर फांदी दोरीला अलगद गुंडाळीत न्यावी. चार फांद्या निश्चित झाल्यावर प्रत्येक पेराशी पुन्हा दोन फुटवे निघतात, एक जोमदार व एक अशक्त. जोमदार फुटवा राखून अशक्त फुटव्याचा शेंडा खुडावा. लागणीनंतर सुमारे एक महिन्याने हे काम सुरू करून दर आठ ते दहा दिवसांनी करीत राहावे.

यामागील कारण साधे आहे. हरितगृहातील जमीन मोजकी असते. उपलब्ध जागा आहे ती उंचीची, आणि खरे भांडवल सूर्यप्रकाशाचे. मोकळे सोडलेले झाड झुडुपासारखे पसरते, त्याची खालची पाने सावलीत जातात आणि दाट पानोळ्यात हवा कोंडून रोग बळावतात. वळण दिलेल्या झाडात प्रकाश खालपर्यंत पोहोचतो, फुलकिडे व कोळी लवकर दृष्टीस पडतात आणि फळे आकाराने सारखी मिळतात.

तोडणीची पाळी

लागणीनंतर साधारणपणे ५५ ते ६० दिवसांत हिरवी फळे, ७० ते ७५ दिवसांत पिवळी आणि ८० ते ९० दिवसांत लाल फळे तोडणीस येऊ लागतात. म्हणजे रंगीत फळ झाडावर अधिक काळ राहते. त्या काळात झाडाचे अन्न फळांकडेच ओढले जाते, नवी फुले गळतात, आणि ही फळे उतरल्यावर काही आठवडे झाड रिकामे राहते. उत्पन्न मग लाटांनी येते : एकदा माल मावत नाही, एकदा क्रेट भरत नाही.

यावर उपाय तीन आहेत. पहिला, दर तीन-चार दिवसांनी नियमित तोडणी. फळाने अर्ध्याहून अधिक रंग धरला की ते देठासह कात्रीने काढावे. पूर्ण रंगासाठी थांबू नये, कारण उरलेला रंग वाटेत चढतो. दुसरा, झाडावर भार जास्त झाल्यास खालची काही फळे हिरवी असतानाच काढणे. तिसरा, शक्य तेथे अर्ध्या वाफ्यांची लागण तीन-चार आठवडे मागे ठेवणे, म्हणजे दोन्ही भागांच्या लाटा एकत्र येत नाहीत.

दहा गुंठ्यांचा हिशोब

उत्तम व्यवस्थापनात हेक्टरी ८० ते १०० टन उत्पादन अपेक्षिले जाते. दहा गुंठ्यांस हे प्रमाण आठ ते दहा टन होते. चौरस मीटरला सुमारे तीन रोपे धरल्यास दहा गुंठ्यांत तीन हजार रोपे बसतात. म्हणजे प्रत्येक झाडाने सात ते दहा महिन्यांत तीन किलोच्या आसपास, सुमारे १५० ग्रॅमची वीस फळे दिली पाहिजेत. हातचुकीने झाडामागे पाच फळे जरी गेली तरी दहा गुंठ्यांत सव्वादोन टन माल बुडतो. बँकेचा हप्ता मात्र ठरल्या दिवशीच येतो. उसाचे पैसे वर्षा-दीड वर्षाने एकदा हाती येतात; मिरचीचे आठवड्याला दोनदा येऊ शकतात, परंतु पाळी सांभाळली तरच.

काही दक्षता

जुलै-ऑगस्टच्या ढगाळ दिवसांत प्रकाश अपुरा पडतो. तेव्हा झाडावर फळांचा भार बेताचा ठेवावा. काही विषाणुरोग हातांतून व कात्रीतून पसरतात. तंबाखू मळलेल्या हाताने झाडास स्पर्श करू नये आणि रोगट झाडाचे काम शेवटी करावे. हरितगृहाची जागा निवडताना २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांच्या खुणा पाहाव्यात.

गावाची जबाबदारी

वळण देणे, फुटवे खुडणे व तोडणी ही कुशल कामे आहेत आणि ती बहुतेक ठिकाणी महिला करतात. तरीही प्रशिक्षणास जातो तो बहुधा मालकच. तळेगाव दाभाडे येथील राष्ट्रीय काढणी पश्चात तंत्रज्ञान संस्था तसेच कृषी विज्ञान केंद्रे यांच्या प्रशिक्षणाची माहिती ग्रामपंचायतींनी या मजूर भगिनींपर्यंत पोहोचवावी. शिक्षकांनी शाळेच्या परसबागेत दोन रोपे शेजारी लावावीत; एक मोकळे सोडावे, दुसरे दोरीला बांधावे आणि दोहोंच्या फळांची संख्या व वजन मुलांकडून वहीत लिहून घ्यावे. हंगामाअखेर त्या वहीतील दोन रकाने पालकांना दाखवावेत. अनुदानाच्या रकमेपेक्षा हातातली कात्री आणि तोडणीची पाळी किती मोलाची आहे, हे त्यांना त्या आकड्यांतून उमगेल.