विश्लेषण : वरणाच्या पाण्याने बाळाचे पोट भरते, मग वजन का वाढत नाही?

बाळाला सहा महिने पूर्ण झाले की अनेक घरांत पहिला पदार्थ ठरलेला असतो. डाळ शिजवायची, ती खाली बसू द्यायची आणि वरची निवळ वाटीत काढून बाळाला भरवायची. खालची घट्ट डाळ मोठ्यांच्या ताटात जाते. ‘एवढ्याशा जिवाला तेवढेच पचेल’ हा त्यामागचा विचार. बाळही निवळ आवडीने पिते आणि झोपी जाते. अडचण दिसते ती पुढे, वजनकाट्यावर.

सर्वेक्षण काय सांगते?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशात सहा महिन्यांखालील ६३.७ टक्के बाळांना केवळ आईचे दूध मिळत होते. पण ६ ते ८ महिन्यांच्या बाळांमध्ये आईच्या दुधाबरोबर घन किंवा निमघन आहार मिळणाऱ्यांचे प्रमाण ४५.९ टक्केच होते. आणि ६ ते २३ महिन्यांच्या मुलांपैकी ‘पुरेसा आहार’ मिळत होता फक्त ११.३ टक्के मुलांना. अंगावर पिणाऱ्या बाळाच्या बाबतीत पुरेसा म्हणजे वयानुसार ठरलेल्या वेळा आणि किमान चार अन्नगटांतील पदार्थ. थोडक्यात, ‘सहा महिने फक्त आईचे दूध’ हा निरोप बऱ्यापैकी पोहोचला. त्याचा पुढचा भाग वाटेत राहिला.

पोट केवढे, गरज केवढी?

बाळाच्या जठरात एका वेळी साधारण किलोमागे ३० मिलि मावते. म्हणजे सात किलोच्या बाळाचे पोट जेमतेम २१० मिलिचे, एका मोठ्या वाटीएवढे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ६ ते ८ महिन्यांच्या बाळाला आईच्या दुधाव्यतिरिक्त दिवसाला सुमारे २०० किलोकॅलरी लागतात. ९ ते ११ महिन्यांत ३००, तर वर्षानंतर ५५०.

आता निवळीचा हिशेब करू. वाटीभर निवळीत चमचाभर, समजा पाच ग्रॅम, डाळ उतरली तर मिळतात जेमतेम १७ किलोकॅलरी. २०० गाठायला अशा बारा वाट्या लागतील! याउलट २० ग्रॅम तांदूळ आणि १० ग्रॅम मूगडाळीची दीडशे ग्रॅम मऊ खिचडी केली आणि त्यात चमचाभर तूप घातले, तर सुमारे १४५ किलोकॅलरी होतात. दिवसातून तीनदा अर्धी-अर्धी वाटी खाल्ली तरी गरज भागते. तूप इथे चवीपुरते नाही. जागा न अडवता ऊर्जा वाढवण्याचा तो सर्वांत सोपा मार्ग आहे.

मग घट्ट किती? चमचा थोडा तिरका केला तरी पदार्थ लगेच ओघळू नये, इतका. घशात अडकेल ही भीती दाणे, गाठी आणि तुकड्यांबाबत खरी आहे. नीट कुस्करलेल्या मऊ भाताबाबत ती लागू होत नाही.

आजीच्या नाचणीत विज्ञान

घट्ट पेज बाळ गिळत नाही आणि पातळ केली की ऊर्जा उरत नाही, या पेचावर स्वयंपाकघरात जुना उपाय आहे. धान्याला मोड आणून, वाळवून दळले की त्यात अमायलेज हे विकर तयार झालेले असते. ते स्टार्च तोडते आणि तेवढ्याच पिठाची पेज पातळ होते. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास यांनी १९८०च्या दशकात यावरच काम केले. नेहमीच्या घट्ट पेजेत मोडाचे थोडेसे पीठ घालायचे, एवढेच. मोड आलेल्या नाचणीचे पीठ म्हणूनच उपयोगी. मात्र ते वस्त्रगाळ करून नुसते सत्त्व घेतले, तर कोंड्याबरोबर खनिजेही गाळणीत राहतात.

प्रश्न फक्त ऊर्जेचाही नाही. जन्मतः मिळालेला लोहाचा साठा सहाव्या महिन्याच्या सुमारास ओसरू लागतो. त्याच सर्वेक्षणात ६ ते ५९ महिन्यांची ६७.१ टक्के मुले रक्तक्षयी आढळली. तरीही ‘अंडे वर्षानंतर’ हा समज टिकून आहे. नीट शिजवलेले अंडे, मासा, चिकन कुस्करून सहा महिन्यांनंतर देता येते. वर्षापर्यंत टाळायचा तो मध. आणि तोच घरोघरी आधी चाटवला जातो.

भरवणार कोण?

सगळे खापर आईच्या अज्ञानावर फोडणे सोपे आहे. कायद्यातील प्रसूती रजा २६ आठवड्यांची, म्हणजे १८२ दिवसांची. त्यातील आठ आठवडे बाळंतपणाआधी घेतले, तर वरचे खाणे सुरू होण्याआधीच आई कामावर रुजू झालेली असते. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्या आईला एवढीही रजा नाही. तिथे वाटी असते थोरल्या भावंडाच्या हातात. दिवसातून तीनदा मऊ, ताजे शिजवून भरवायला वेळ लागतो आणि तो कुठल्याही माहितीपत्रकातून मिळत नाही.

घरभेटीच्या सरकारी कार्यक्रमात आशा सेविकेने बाळाच्या तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात घरी जायचे असते. ‘वरचे खाणे सुरू केले का?’ या प्रश्नाला निवळ देणारी आईही ‘हो’च म्हणणार. त्यापेक्षा बाळाची वाटी दाखवायला सांगावी आणि चमचा तिरका करून बघावा.