चित्र विस्कटले, उत्तर तेच

फुप्फुसाच्या कॅन्सरवर किरणोपचार सुरू करण्याआधी रुग्णाला सीटी स्कॅनच्या टेबलावर निजवतात, हात डोक्याच्या वर. छातीचे जेमतेम तीन मिलिमीटर जाडीचे काप संगणकावर उमटतात आणि डॉक्टर एकेका कापावर गाठीची कड आखत जातात. काम मोठे नेटाचे. गाठीने वायुमार्ग दाबल्यामुळे मिटलेले फुप्फुस आणि खुद्द गाठ शेजारीशेजारी जवळपास सारखीच करडी दिसतात, त्यात श्वासाबरोबर सगळेच वर-खाली होते. आखणी झाली की बहुतेकदा 60 ग्रे मात्रा 30 बैठकींत, सहा आठवडे. मात्रा तीच, आजाराचा टप्पा तोच, तरी एकाची गाठ विरून जाते आणि दुसऱ्याची पुन्हा डोके वर काढते. कोणाच्या वाट्याला काय येणार, हे त्या पहिल्याच स्कॅनवरून कळू शकेल का?

नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्तच्या संशोधकांनी हा प्रश्न फार गांभीर्याने घेतला. फिलिप लँबिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2012 मध्ये ‘रेडिओमिक्स’ची कल्पना मांडली. स्कॅन म्हणजे नुसते चित्र नव्हे, ते आकड्यांचे कोठार आहे. सीटीच्या प्रत्येक ठिपक्याला हाउन्सफील्ड एककात किंमत असते. पाण्याची शून्य, हवेची उणे 1000. हे आकडे कसे विखुरले आहेत, कुठे दाटले आहेत, यावरून गाठीचा पोत मोजता येतो. 2014 मध्ये त्यांचेच सहकारी ह्यूगो आर्ट्स यांच्या चमूने फुप्फुसाच्या आणि डोके-मानेच्या कॅन्सरच्या 1,019 रुग्णांचे स्कॅन घेऊन 440 गुणधर्म मोजले. 15 मिनिटांच्या अंतराने दोनदा स्कॅन केलेल्या रुग्णांत कोणते गुणधर्म बदलत नाहीत, पाच डॉक्टरांनी एकच गाठ आखली तर कोणते टिकतात, हे पारखून शेवटी चारच निवडले. या चौघांवरून कोणता रुग्ण किती जगेल याचा अंदाज बांधता येतो आणि गाठीच्या आतली विषमता त्यातून दिसते, असा निष्कर्ष निघाला. जगभर त्याची चर्चा झाली. मास्ट्रिख्तच्या मंडळींनी आपले स्कॅन सगळ्यांसाठी खुले केले, हे त्यांचे मोठेपण. पुढची गोष्ट त्यामुळेच घडू शकली.

टोरांटोच्या प्रिन्सेस मार्गारेट कॅन्सर केंद्रात मॅटिया वेल्च आणि सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग केला. गाठीची आखलेली कड तशीच ठेवली आणि आतले ठिपके पत्ते पिसावेत तसे पिसले. कुठलाही आकडा कुठेही. गाठीचा पोत म्हणावा असे काही उरलेच नाही. पडद्यावर नुसती करडी रेती. मग त्यावर तेच चार गुणधर्म चालवून पाहिले. भाकीत जवळपास पहिल्याइतकेच बरोबर आले!

हे घडले कसे? चौघांपैकी एकाचे नाव ‘एनर्जी’. प्रत्येक ठिपक्याच्या किमतीचा वर्ग करायचा आणि सगळ्यांची बेरीज घ्यायची. बेरीज ठिपक्यांच्या जागेवर अवलंबून नसते, त्यांच्या संख्येवर मात्र असते. गाठ दुप्पट झाली, ठिपके दुप्पट, बेरीजही साधारण दुप्पट. पोत सांगणारे म्हणून घेतलेले इतर आकडेही असेच आकारमानाच्या मागे मागे चालत होते. मोठी गाठ वाईट, हे डॉक्टरांना पूर्वीपासून ठाऊक होते. 2019 मध्ये हे निष्कर्ष छापून आले. या क्षेत्रात इतक्या थोड्या साधनांत इतके काही शिकवणारा प्रयोग दुसरा सापडणे अवघड.

अडचण यंत्रांचीही आहे. अमेरिकेत ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन केंद्रातल्या डेनिस मॅकिन यांच्या गटाने लाकूड, बूच, रबराचे कण अशा दहा पदार्थांचा एक ठोकळा बनवला आणि तो 17 सीटी यंत्रांतून काढला. ठोकळा तोच, तरी यंत्रागणिक आकडे बदलले, आणि काही गुणधर्मांत हा फरक एका रुग्णाच्या गाठीपासून दुसऱ्याच्या गाठीत असावा तेवढा भरला.

मग स्कॅनवरून भाकीत करूच नये का? तसे नाही. मेलबर्नच्या पीटर मॅककॅलम केंद्राने 2003 मध्येच दाखवले होते, की उपचारांनंतर काही आठवड्यांनी केलेला पेट स्कॅन रुग्णाचे पुढचे आयुष्य सीटीपेक्षा चांगले सांगतो. पेटमध्ये किरणोत्सारी खूण लावलेली साखर टोचतात. जिवंत कॅन्सरपेशी ती भराभर ओढून घेतात आणि उजळतात. सीटीवर दिसणारा उरलेला गोळा नुसता व्रण आहे की आत अजून धग आहे, हे त्यातून कळते. अमेरिकेत अनेक रुग्णालयांनी मिळून केलेल्या चाचणीचा निकाल 2013 मध्ये आला. किरणोपचार संपल्यावर सुमारे 14 आठवड्यांनी ज्यांची गाठ जास्त उजळत होती, त्यांचे आयुष्य कमी भरले. उपचारांआधीच्या उजळण्याचा मात्र आयुर्मानाशी संबंध आढळला नाही. म्हणजे ज्या दिवशी भाकीत हवे असते, त्या दिवशीचा स्कॅन गप्पच राहिला.

मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील डॉक्टरांनी मास्ट्रिख्तच्या गटाबरोबर कॅन्सरच्या स्कॅनवर काम केले आहे. त्याचे महत्त्व इथल्या छातीत आहे. आपल्याकडे कितीतरी जणांच्या फुप्फुसात जुन्या क्षयरोगाचे व्रण असतात, आणि जागृत क्षयाची गाठही पेटवर कॅन्सरसारखीच लखलखते. मास्ट्रिख्तच्या रुग्णांवर शिकलेल्या संगणकाने हे व्रण क्वचितच पाहिलेले असणार. गाठीची कड आखताना इथला डॉक्टर एक गोष्ट आवर्जून विचारतो: आधी कधी टीबीची औषधे घेतली होती का?