स्क्रीनवरचा नंबर म्हणजे ओळखपत्र नव्हे

फोन वाजतो, स्क्रीनवर वॉशिंग्टनच्या भारतीय दूतावासाचा नंबर. पलीकडचा 'अधिकारी' म्हणतो, तुमच्या इमिग्रेशनच्या कागदांत चूक आहे, आत्ता पैसे भरा नाहीतर अटक होईल. नंबर गूगलवर पाहावा तर अगदी बरोबर! भलेभले तिथेच फसतात.

इंटरनेटवरून फोन लावणाऱ्याला समोर कोणता नंबर दिसावा हे ठरवता येतं. पाकिटावर 'प्रेषक' म्हणून कुणाचंही नाव लिहावं, तसं. अमेरिकेत मोठ्या फोन कंपन्यांना 2021पासून नंबरची पडताळणी सक्तीची आहे, पण परदेशातून आलेले बनावट कॉल त्यातूनही निसटतात. म्हणून फोन ठेवा आणि दूतावासाच्या वेबसाइटवरचा नंबर स्वतः फिरवा. 'फोन ठेवू नका, घरात कुणाला सांगू नका' असं म्हणाला, तर त्याचं वाक्य पुरं व्हायचीही वाट पाहू नका. गिफ्ट कार्डावर दंड घेणारं सरकार अजून जन्मायचंय.

तिकडे पुण्या-नाशिकच्या आईबाबांना हाच माणूस सीबीआयचा म्हणून व्हिडिओ कॉलवर भेटतो. 'डिजिटल अरेस्ट' भारतीय कायद्यात नाहीच, हे त्यांना या रविवारच्या फोनवर सांगा. सायबर हेल्पलाइनचा 1930 हा नंबरही त्यांच्याकडून लिहून घ्या. पैसे गेलेच, तर पहिला फोन तिथे आणि लगेच बँकेला.