फेब्रुवारीतले तीनशे रुपये

सरकारी नोकराच्या पगारपत्रकात ‘व्यवसाय कर’ नावाची एक ओळ असते. महिन्याला 200 रुपये, फक्त फेब्रुवारीत 300. भविष्य निर्वाह निधी, गटविमा, पतसंस्थेचा हप्ता असल्या दांडग्या कपातींच्या गर्दीत तिच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. मला पगारपत्रकं वाचायचा जुना नाद आहे, आणि ही ओळ त्यातली माझी सगळ्यात लाडकी. फेब्रुवारीचं गणित सोपं आहे. अकरा वेळा दोनशे आणि एकदा तीनशे, म्हणजे 2,500. घटनेच्या 276व्या अनुच्छेदाने या कराला वर्षाकाठी घातलेली ही कमाल मर्यादा. आधी ती 250 होती, 1988 साली साठाव्या घटनादुरुस्तीने दसपट झाली आणि तिथेच थांबली.

खरी गंमत मात्र हा कर कुणी भरायचा यात नाही, कुणाला माफ आहे यात आहे. महाराष्ट्राचा व्यवसाय कर कायदा 1975 चा. त्याच्या कलम 27अ मध्ये माफीची यादी आहे. सैन्यदलातली माणसं, कायमचं अपंगत्व आलेली व्यक्ती, अपंग मुलाचे आईबाप, महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजनेत घरोघर फिरून पोस्टाची बचत गोळा करणाऱ्या एजंट बायका. आणि कापडगिरण्यांतले बदली कामगार.

सोलापूरकर या शेवटच्या नोंदीपाशी थबकतोच. बदली म्हणजे कायम नसलेला. सकाळी भोंगा झाला की फाटकाशी उभं राहायचं, कुणी कायमचा कामगार आला नाही तर त्याच्या साच्यावर जायचं, सगळे आले तर घरी. भरेल तेवढ्या दिवसांचा पगार. अशा माणसाकडून दरमहा ठरावीक कर कापायचा तर कोणत्या महिन्यात किती, हाच घोळ. म्हणून कायद्याने त्याला बाजूला ठेवलं. आता सोलापुरात त्या गिरण्याच उरल्या नाहीत. नोंद तेवढी उरली. माफी आहे, माफी घेणारा नाही.

पण माणसांचे असे गट पाडायचे आणि एकाला एक नियम, दुसऱ्याला दुसरा लावायचा, याला घटनेची परवानगी आहे का? हा प्रश्न स्वतंत्र भारतात ज्या खटल्यांनी अगदी सुरुवातीलाच ऐरणीवर आणला, त्यातला एक सोलापूरचाच आहे. आपल्या गावात त्याची आठवण कुणी काढत नाही, याचं मला नेहमी नवल वाटतं.

सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी, म्हणजे आपली जुनी मिल, 27 ऑगस्ट 1949 रोजी बंद पडली. व्यवस्थापकांचा गैरकारभार हे कारण सरकारने कागदोपत्री नोंदवलं. जानेवारी 1950 मध्ये वटहुकूम निघाला, पाठोपाठ संसदेचा कायदा आला आणि गिरणीचा कारभार सरकारने नेमलेल्या संचालकांकडे गेला. कामगारांच्या हाती पगार ठेवणारा आता सरकारचा माणूस. कामगार मात्र सरकारी नोकर नव्हे. चिरंजितलाल चौधरी नावाचा भागधारक थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. त्याचा एक मुद्दा बिनतोड वाटावा असा होता. देशात इतक्या कंपन्या असताना एकाच कंपनीसाठी कायदा? मग चौदाव्या अनुच्छेदातली समानता कुठे गेली?

4 डिसेंबर 1950 रोजी निकाल लागला, तीन विरुद्ध दोन. बहुमत म्हणालं की परिस्थितीच तशी असेल तर एकटी कंपनीसुद्धा एक स्वतंत्र वर्ग ठरू शकते. कायदा घटनेला धरूनच आहे असं आधी गृहीत धरायचं आणि भेदभाव झाला म्हणणाऱ्याने तो सिद्ध करायचा. पतंजली शास्त्री आणि सुधिरंजन दास या दोघा न्यायमूर्तींना हे पटलं नाही. पुढे डिसेंबर 1953 मध्ये याच गिरणीच्या दुसऱ्या खटल्यात, द्वारकादास श्रीनिवास यांच्या, मालमत्तेच्या हक्कावर सरकार हरलं. पण वर्गीकरणाचा पहिला धडा टिकला. वकील आजही तो न्यायालयात उगाळतात. मला विचाराल तर मतभेद नोंदवणारे दोघं तर्काने अधिक पक्के होते. तरी हजारो चुली विझलेल्या असताना भागधारकाच्या समानतेला किती कवटाळायचं, हेही आहेच.

आता वर्गीकरणाची ही फूटपट्टी पगारपत्रकाला लावून बघू.

बायकांपासून सुरुवात करू, कारण या कराचा उगमच त्यांच्या घामात आहे. 1972 च्या दुष्काळात सोलापूर जिल्हा खडी फोडत होता. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या डोक्यातून निघालेली रोजगार हमी योजना त्याच काळात राज्यभर पसरली, आणि तिला पैसा हवा म्हणून शहरातल्या पगारदारावर व्यवसाय कर बसला. जेवढा कर जमेल तेवढीच भर सरकारने स्वतःची घालायची, अशी तरतूद. नालाबंडिंग असो की पाझर तलाव, मजुरी मोजमापावर. खणलेल्या मातीला बाई-पुरुष कळत नाही, म्हणून दर एकच. समान वेतनाचा केंद्रीय वटहुकूमही 1975 चाच. म्हणजे कार्यालयातल्या साहेबाच्या पगारातून निघालेला पैसा मस्टरवर अंगठा उठवणाऱ्या बाईपर्यंत जायचा. एवढा सरळ हिशेब नंतरच्या फार थोड्या करांनी दाखवला.

मार्च 2023 च्या अर्थसंकल्पात बायकांसाठी माफीची मर्यादा 10,000 वरून 25,000 रुपये झाली. टाळ्या पडल्या. सरकारी कार्यालयात मात्र त्या टाळ्यांना फारसा अर्थ उरलेला नाही. सातव्या वेतन आयोगात शिपाई पदाचं सुरुवातीचं मूळ वेतन 15,000. त्यावर 2025 मधला 55 टक्के महागाई भत्ता धरला की 23,250. सोलापूरसारख्या शहराचा घरभाडे भत्ता मिळवा, पंचवीस हजारांची रेघ सहज ओलांडली जाते. म्हणजे सगळ्यात खालच्या पायरीवरची कायम शिपाईबाईसुद्धा करात आली. माफी उरली ती कंत्राटी, मानधनी आणि खासगीतल्या बायकांना.

अपंगांची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. करमाफीचा उपयोग व्हायला आधी नोकरी लागते. 1995 च्या कायद्याने तीन टक्के जागा राखल्या, पण त्या अपंगांसाठी ‘निश्चित केलेल्या’ पदांपुरत्या. पद निश्चित झालंच नाही तर आरक्षणही नाही. कार्यालयांनी या फटीचा मनसोक्त फायदा घेतला. 8 ऑक्टोबर 2013 रोजी राष्ट्रीय अंध महासंघाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही फट बुजवली; टक्केवारी संवर्गातल्या एकूण रिक्त पदांवर मोजायची. 2016 च्या नव्या कायद्याने तीनाचे चार टक्के केले.

पदं निश्चित करण्याची केंद्राची यादी हा वाचण्याजोगा दस्तऐवज आहे. जानेवारी 2021 च्या यादीत 3,566 पदं आहेत. अ गटात 1,046, ब मध्ये 515, क मध्ये 1,724, ड मध्ये 281. प्रत्येक पदापुढे त्याला लागणाऱ्या शारीरिक क्रिया संक्षिप्त खुणांनी दिलेल्या: बसणं, उभं राहणं, चालणं, वाकणं, बोटांनी हाताळणं, बघणं, ऐकणं, बोलणं. त्यापुढे कोणतं अपंगत्व चालेल ते. धडधाकट उमेदवाराला वाकता येतं का हे असं कुणी लिहून विचारत नाही, जरी सरकारी नोकरीत वाकण्याची गरज सगळ्यांनाच पडते!

2016 च्या कायद्यात अपंगत्वाचे 21 प्रकार झाले. थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल, पार्किन्सन त्यात आले. पण नोकरीतल्या आरक्षणाचं कलम 34 उघडा, ही नावं तिथे नाहीत. व्यवसाय कर कायद्याची व्याख्या नव्या कायद्याशी जुळवायची घोषणा महाराष्ट्राने केली तीही 2023 मध्ये, त्याच अर्थसंकल्पात. तेव्हा सिकलसेलचा लिपिक कराच्या बाबतीत दिव्यांग, भरतीच्या राखीव जागेसाठी नाही. एकाच सरकारपुढे तो दोन वर्गांत मोडतो. चौधरींच्या वकिलाला हा माणूस तेव्हा हाताशी असता तर युक्तिवाद अधिक रंगला असता.

आणि अंगणवाडी सेविका? सोलापुरात ती सकाळी पोषण आहार मोजते, मुलांची वजनं घेते, मोबाइलवर माहिती भरते, निवडणूक आली की बूथवरही दिसते. 2006 साली अमीरबी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की ती नागरी पदावरची कर्मचारी नाही. 2022 साली त्याच न्यायालयाने तिला ग्रॅच्युइटीची हक्कदार मानलं. दोन निकालांच्या मध्ये ती जिथे उभी आहे, तिथे वेतनश्रेणी नाही आणि महागाई भत्ताही नाही. मिळतं ते मानधन. 2024 मध्ये ते 13,000 झालं, वर प्रोत्साहन भत्ता. पंचवीस हजारांच्या आत असल्याने व्यवसाय कर तिला माफ आहे.